नोबेल वॉरबुर्ग यांचे, निष्कर्ष मात्र संदेश लिहिणाऱ्याचा

‘कर्करोगाचे कारण शोधल्याबद्दल ऑटो वॉरबुर्ग यांना १९३१ मध्ये नोबेल मिळाले, कर्कपेशी ऑक्सिजनमध्ये जगूच शकत नाहीत, म्हणून दीर्घ श्वसन करा आणि अल्कलाइन पाणी प्या,’ असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. त्यातले या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आणि साल तेवढे बरोबर आहे.

ते पारितोषिक पेशींतील श्वसन घडवणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) स्वरूप आणि कार्यपद्धती उलगडल्याबद्दल होते. कर्करोगावरही वॉरबुर्ग यांनी काम केले, पण त्यांना आढळले ते वेगळेच होते: ऑक्सिजन मुबलक असतानाही गाठीतील पेशी ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल करत राहतात. म्हणजे ज्या निरीक्षणाचा हवाला दिला जातो, त्यातच या पेशी ऑक्सिजनमध्ये जिवंत होत्या!

पेशीद्रवात ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुव्हेटचे (ज्याचे पुढे लॅक्टिक आम्ल होऊ शकते) दोन रेणू तयार होताना निव्वळ २ एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, हाती येतात आणि या टप्प्याला ऑक्सिजन लागत नाही. पुढे तंतुकणिकांमध्ये (पेशीतील मायटोकॉन्ड्रियांमध्ये) ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्ण ज्वलन झाले, तर एकूण सुमारे ३० एटीपी मिळतात. कर्कपेशी पहिल्या मार्गावर इतका भर का देतात, याचे उत्तर अजून पूर्ण मिळालेले नाही. मात्र हा मार्ग वेगवान आहे आणि नव्या पेशी घडवण्यासाठी लागणारा कच्चा मालही त्यातून मिळतो. श्वसन बिघडल्यानेच कर्करोग होतो, हे वॉरबुर्ग यांचे स्वतःचे मत पुढे टिकले नाही, कारण बहुतेक गाठींतील तंतुकणिका कार्यक्षम असतात. शिवाय आपल्या तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसतातच. त्या आयुष्यभर विनॉक्सिश्वसनावर, म्हणजे ऑक्सिजनविना मिळवलेल्या ऊर्जेवर, जगतात, तरी त्यांना कोणी कर्कपेशी म्हणत नाही.

वाढत्या गाठी ऑक्सिजन टाळत नाहीत, उलट तो मिळावा म्हणून नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतात. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी असला की किरणोपचाराचा परिणाम घटतो, हे खरे. पण त्यावर दीर्घ श्वसन हा उपाय नव्हे. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच ९५ टक्क्यांहून अधिक भरलेले असते, हे करोनाकाळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर सर्वांनी पाहिले आहे.

अल्कलाइन पाण्याबद्दल फार लिहायला नको. ते जठरातील तीव्र आम्लात मिसळते आणि रक्ताचा सामू (पीएच) फुप्फुसे व मूत्रपिंडे ७.३५ ते ७.४५ या मर्यादेत राखतात. गाठीभोवतीची आम्लता खुद्द गाठीच्या चयापचयातून येते. ती पिण्याच्या पाण्याने बदलत नाही.