फाटलेली कॉफी आणि बाराची गोळी

व्हीगन होऊन, म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासून मिळणारं सगळं खाणं सोडून, दीड वर्ष झालं. "मग खातेस तरी काय?" हा प्रश्न आता अंगवळणी पडलाय. खरं सांगायचं तर खाण्याचं फारसं अडत नाही, अडतं ते वाचण्याचं. पुडा उचलायचा, उलटा करायचा आणि मुंगीएवढ्या अक्षरांत दूध शोधायचं. सुरुवातीला मी 'नॉन-डेअरी' लिहिलेली, कॉफीत दुधाऐवजी घालायची पावडर मोठ्या आनंदानं घरी आणली. मागे बघते तर सोडियम केसिनेट, म्हणजे दुधातलंच प्रथिन! ई 120 हा लाल रंग तर किड्यांपासून काढतात. हे कळलं त्या दिवशी कपाटातलं निम्मं सामान शेजारी गेलं.

मग सोया दूध आणलं. गरम कॉफीत ओतलं आणि डोळ्यांदेखत त्याच्या गुठळ्या झाल्या. दूध नासकं असेल म्हणून दुकानदाराशी वाद घालायला निघाले होते, बरं झालं नाही गेले. कॉफी आंबट, त्यात कडकडीत. सोयाचं प्रथिन साकळणारच. आता कॉफी जरा निवू देते, दूध कोमट करते आणि दुधात कॉफी हळूहळू सोडते. दहातून नऊ वेळा जमतं.

पण माझा राग आहे तो आमच्याच मंडळींवर. "झाडपाल्यात सगळं मिळतं" असं छातीठोक सांगतात. नाही मिळत! बी 12 हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, भाजीपाल्यात त्याचा भरवसा नाही. 'व्हीगन' हा शब्द 1944 चा आणि बी 12 वेगळं काढता आलं 1948 मध्ये. पहिल्या व्हीगन लोकांना आपल्याला काय कमी पडतंय हे कळायला मार्गच नव्हता. आपल्याला आहे. यकृतातला साठा बरेच महिने, कधी काही वर्षंही पुरतो, म्हणून सुरुवातीला सगळे ठणठणीत असतात आणि मग हातापायांना मुंग्या येतात. मी गोळी घेते, सगळ्यांसमोर घेते.

राहता राहिले पाहुणचाराचे प्रसंग. "अगं, लोणी जरासंच आहे, चालेल ना?" पहिल्यांदा भिडेखातर खाल्लं, दुसऱ्यांदा नाही. हल्ली कुणी जेवायला बोलावलं की आदल्या दिवशीच फोन करते आणि एक पदार्थ मी आणते म्हणून सांगते. चांगला सगळ्यांना पुरेल एवढा. एकटीपुरता डबा नेला की घरात पेशंट आल्यासारखं वाटतं सगळ्यांना.