आधी लॉग बघू द्या, मग स्विच बंद करा!

जळगाव-भुसावळ पट्ट्यात कुठंही जा, नेट अडकलं की आधी नेटवर्क स्विचची (सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या डब्याची) विजेची वायर उपटून परत लावतात, मग मला फोन! अरे भो, लॉग म्हणजे स्विचनं ठेवलेली घडामोडींची नोंद; तो रॅममधल्या बफरमध्ये, तात्पुरत्या जागेत असतो, वीज तुटली की साफ. कुठलं पोर्ट (वायर लावायची जागा) सारखं अप-डाउन होत होतं, लूप (डेटा गोल गोल फिरत राहणं) कुठून आला, आता सांगू कशावरून?

सिसलॉग सर्व्हर, म्हणजे या नोंदी साठवणारं वेगळं मशीन, लावा, म्हणून सांगून घसा कोरडा झाला. जुना पीसी पुरतो, यूडीपी ५१४ या ठरलेल्या पोर्ट-नंबरवर नोंदी येत राहतात. जिथं लावलाय तिथं नोंदींची लेव्हल ७, म्हणजे बारीकसारीक सगळंच, नुसता डिबगचा कचरा; कामाची ओळ त्यात गडप. आणि एनटीपी, म्हणजे स्विचचं घड्याळ नेटवर्कवरून जुळवायची सोय? कोणी लावतच नाही. मग बऱ्याच सिस्को स्विचचं घड्याळ मुळापासून चालू, नोंदीवर तारीख १ मार्च १९९३! मे महिन्याच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमधल्या रॅकपाशी उभं राहून ती जुळवायची कशाशी?