‘मायसेल्फ’ हे ‘आय’चे आदरार्थी रूप नव्हे
‘आय’च्या जागी ‘मायसेल्फ’ वापरल्याने इंग्रजी अधिक नम्र होते, असे सर्रास सांगितले जाते. प्रमाण इंग्रजीत तसा नियम नाही. कर्माच्या जागी हे आत्मवाचक सर्वनाम येते ते कर्ता आणि कर्म एकच असताना, जसे ‘आय हर्ट मायसेल्फ’, म्हणजे मी स्वतःला इजा करून घेतली. ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ मध्ये संपर्क साधणारा वेगळा असल्याने तेथे ‘आय’चे साधे कर्मरूप, म्हणजे इंग्रजी ‘मी’ (me), हवे, आणि त्यात उद्धटपणा मुळीच नाही. ‘आय मायसेल्फ सॉ इट’ मध्ये मात्र ते निव्वळ जोर देण्यासाठी येते. शिवाय ‘शेव्ह’सारख्या क्रियापदांना हे सर्वनाम बहुधा लागतच नाही, हे मराठीभाषकांनी आवर्जून ध्यानात घ्यावे.