गोंडोलिन एकट्या मेगलिनमुळे पडलं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिल्या रात्री जे लिहिलं ते सकाळी मीच डिलीट केलं. अजूनही राग पूर्ण गेलाय असं नाही.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की टॉल्किनच्या 'सिल्मरिलियन'मधलं गोंडोलिन, म्हणजे एल्फांचं डोंगरांत लपलेलं, जगाशी संबंध तोडलेलं राज्य, मॉर्गॉथसारख्या महाशत्रूपुढे कायमचं टिकूच शकत नव्हतं. त्यावर एका वाचकांचं म्हणणं, 'मेगलिनने फितुरी केली नसती तर गोंडोलिन टिकलं असतं. तुम्ही सिल्मरिलियन वरवर चाळलंय आणि उगाच निराशा पसरवताय.' पुढे डोरिएथ या एल्फांच्या दुसऱ्या राज्याबद्दलची माझी एक चूक, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या लोथलोरिएन या एल्फांच्या वनराज्याचा दाखला आणि गरुडांबद्दल काहीतरी.

चूक आधी मान्य करते. डोरिएथ गोंडोलिनच्या नंतर पडलं असं मी लिहिलं होतं, ते उलटं झालं. डोरिएथ आधी, गोंडोलिन पहिल्या युगाच्या ५१० साली. दुरुस्त केलंय, धन्यवाद.

आता 'वरवर चाळलंय' बद्दल. अकरावीत होते तेव्हा लायब्ररीतून हे पुस्तक आणलं, पंधरा दिवसांची मुदत, ती मी इतक्या वेळा वाढवून घेतली की शेवटी काउंटरवरच्या बाई म्हणाल्या आता दुसऱ्या कुणालातरी वाचू दे. परत द्यायच्या आधी मी बेलेरिआंडचा, म्हणजे ही गोष्ट घडते त्या प्रदेशाचा, नकाशा ट्रेसिंग पेपरवर काढून घेतला, नद्या निळ्या पेनने, नावं पेन्सिलने, आणि मग गोष्टीत जी जागा पडेल तिच्यावर काट मारत गेले. ४५७ला तोल सिरिओनचा किल्ला. ४७२ची पाचवी लढाई झाली आणि हिथलुम गेलं, पुढच्याच वर्षी फालासची बंदरं. ४९५ला नारगोथ्रॉन्ड, तिथे इतक्या जोरात काट मारली की पेन्सिलचं टोक कागदातून आरपार गेलं. मग डोरिएथ. तो कागद घड्यांवर फाटलाय, पण अजून माझ्याकडे आहे, आणि त्यावर गोंडोलिनचा ठिपका चारी बाजूंच्या काटांमध्ये एकटा उरलेला दिसतो, खाली दक्षिणेला सिरिओनच्या मुखाशी आणि बालार बेटावर काय ते थोडे लोक. माझा लेख त्या ठिपक्याकडे बघून लिहिलाय. तुम्हाला मत पटलं नाही तर नाही, पण मी काय वाचलंय आणि किती वाचलंय हे तुम्ही कुठल्या आधारावर ठरवलंत? माणूस वेगळ्या निष्कर्षाला आला म्हणजे त्याने पुस्तक वाचलंच नाही, ही बोलायची पद्धत मला अजिबात पटत नाही आणि ती मी इथे चालवून घेणार नाही.

बरं, 'मेगलिन नसता तर'. नसता कसा? मेगलिन आला कुठून ते बघा ना. गोंडोलिनचा राजा तुर्गोन, त्याची बहीण आरेडेल, तिचा त्या बंद शहरात जीव गुदमरला म्हणून ती हट्टाने बाहेर पडली, जंगलात एओलच्या हाती लागली, त्यांचा मुलगा हा मेगलिन. आई-मुलगा पळून गोंडोलिनला आले, मागोमाग एओल आला, आणि तिथला कायदा असा की एकदा आत आलेल्याने परत बाहेर जायचं नाही. त्या कायद्यापायी आरेडेल नवऱ्याच्याच भाल्याने गेली, एओलचा कडेलोट झाला आणि पोराला त्याच शहरात राहावं लागलं, जिथे त्याचं मन मामेबहिणीवर, इड्रिलवर बसलं आणि ते लग्न कधीच होणार नव्हतं. म्हणजे ज्याला तुम्ही बाहेरून आलेला अपघात समजताय तो त्या बंद दरवाजातूनच जन्माला आलाय. मॉर्गॉथच्या ओर्कनी त्याला पकडलं तेही धातू शोधत राजाची आज्ञा मोडून तो डोंगरांपलीकडे गेला म्हणून. गोंडोलिनमधून मेगलिन काढायचा तर दरवाजा उघडा ठेवावा लागेल, आणि मग ते गोंडोलिन राहत नाही.

शिवाय मेगलिन पकडला जायच्या आधीच हुरिन हा माणूस मॉर्गॉथच्या अठ्ठावीस वर्षांच्या कैदेतून सुटून त्या डोंगरांच्या पायथ्याशी आला होता आणि तुर्गोनच्या नावाने ओरडला होता. मॉर्गॉथच्या हेरांनी ते ऐकलं. राज्य कुठल्या भागात आहे ते मॉर्गॉथला तिथेच कळलं, मेगलिनने नेमकी जागा आणि आत शिरायची वाट दाखवली. आज ना उद्या शोध लागणारच होता. पाण्याचा देव उल्मो, त्याने तुओर नावाच्या माणसाला पाठवून शहर सोडून निघून जा असं सांगितलं, तुर्गोनने ऐकलं नाही. उलट गुप्त वाटेचं तोंडच बुजवून टाकलं. नारगोथ्रॉन्ड आणि डोरिएथ पडल्याच्या बातम्या गरुडांनी आणून दिल्या तरी त्याने कान बंद केले. ४७२ला हाच राजा दहा हजारांचं सैन्य घेऊन बाहेर पडला होता हो! ते पान मी जितक्यांदा वाचते तितक्यांदा मला वाईट वाटतं. हा माणूस भित्रा नव्हता, त्याला त्याचं शहर सोडवत नव्हतं. मी हे लिहिलं तर ती 'निराशा पसरवणं' कशी होते हे मला खरंच कळलेलं नाही.

लोथलोरिएनचा मुद्दा इथे लागू होत नाही. वेगळं युग, वेगळा शत्रू, तिथल्या गालाड्रिएलकडे जादूची अंगठी. तिसऱ्या युगाच्या ३०१९च्या मार्चमध्ये तीन हल्ले परतवले हे खरं, पण त्या युगाचा शत्रू सॉरॉन स्वतः आला असता तर गोष्ट वेगळी होती हे पुस्तकातच आहे. गरुडांबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात उत्तर देण्यासारखं मला काही सापडलं नाही.

लोथलोरिएनवर मी सविस्तर लिहिणार आहे. तेव्हा जरूर या, चुका दाखवा, डोरिएथची दाखवलीत तशाच. फक्त 'वरवर' हा शब्द परत माझ्यासाठी वापरू नका.