आपला तो गनिमी कावा, दुसऱ्याचा तो दगा?

रामदेवराय यादव म्हटलं की आपण सगळे थेट १२९६ वर उडी मारतो. अल्लाउद्दीन आला, वेढ्यात धान्य म्हणून गडावर चढवलेल्या गोण्यांतून मीठ निघालं, यादव शरण गेले. त्याआधीची २५ वर्षं गायब! हा माणूस मुळात गादीवर बसला कसा, हे कोणी विचारतच नाही.

तर झालं असं. १२६१ मध्ये कृष्णदेव यादव वारला. मुलगा रामचंद्र, म्हणजेच आपला रामदेवराय, लहान, म्हणून गादी गेली धाकट्या भावाकडे, महादेवाकडे. इथवर ठीक. पण १२७१ मध्ये महादेव गेला आणि गादीवर बसला त्याचा मुलगा अम्मण. पुतण्या तोवर हाताशी आला होता. थोरल्या पातीचा हक्क डावलला गेला, असं त्याला वाटलं, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं.

पुढचं मात्र वाचताना अंगावर येतं. यादवांची राजधानी देवगिरी, म्हणजे आजचं दौलताबाद, लढून घेणं अवघड. म्हणून रामचंद्राने नाटकमंडळीचं सोंग घेतलं. सैनिक नट झाले, म्होरक्या तो स्वतः. दरबारात खेळ सुरू झाला, अम्मण रंगून बघत बसला आणि नटांनीच त्याला धरलं. ही काही ऐकीव गप्पा नाही. रामचंद्राच्याच १३१० च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात हे आहे. म्हणजे ३९ वर्षांनी, दिल्लीचा मांडलिक झाल्यावरही, हा डाव त्याला अभिमानाने मिरवावासा वाटत होता. अम्मणाचे डोळे काढले, हे महानुभावांच्या जुन्या लिखाणात येतं.

दरबारानेही फार दुखवटा पाळलेला दिसत नाही. महादेवाचा हेमाद्री पुढे रामचंद्राकडेही श्रीकरणाधिपच, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख. हुशार माणूस, दुसरं काय!

आता अल्लाउद्दीन बघा. अलाहाबादजवळच्या कडा प्रांताचा सुभेदार, दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन याचा पुतण्या आणि जावई. देवगिरीवर आला तोच मुळी चुलत्याला अंधारात ठेवून, कारण गादी मिळवायला पैसा हवा होता. तो आपल्या यादवांनी पुरवला. त्याच वर्षी त्याने चुलत्याला भेटीला बोलावून गंगाकाठी मारलं. मग दिल्लीच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला दगड फेकायच्या यंत्रातून गर्दीवर सोनं उधळलं, असं दिल्लीचा जुना इतिहासकार बरनी लिहितो. सरदार फुटले. जलालुद्दीनच्या मुलांचे, म्हणजे आपल्याच चुलतभावांचे, त्याने डोळे काढले.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. दोघांनीही गादी घेतली ती चुलत्याच्या घरातून. कपट दोन्हीकडे, आंधळे केलेले चुलतभाऊही दोन्हीकडे. फरक आहे, नाही असं नाही. रामचंद्राचा हक्क खरा होता आणि त्याने चुलत्याचा खून केला नाही. पण नाटकाच्या सोंगाला ‘काय डोकं लढवलं’ म्हणून टाळ्या वाजवणारे आपणच अल्लाउद्दीनला ‘सख्ख्या चुलत्याला खाल्लं’ म्हणून शिव्या घालतो, तेव्हा मला हसू येतं.

रामचंद्र राजा म्हणून वाईट होता, असंही मी म्हणत नाही. १२९० च्या ज्ञानेश्वरीत न्यायाने राज्य करणारा म्हणून त्याचंच नाव आहे, तेही अम्मणाच्या प्रकरणानंतर १९ वर्षांनी. दोन्ही खरं आहे. मग शाळेच्या पुस्तकात एकच का?

दौलताबादला गेलात तर गाइड अंधारीतला, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेतला, सगळा थरार रंगवून सांगतो. त्याला एकदा अम्मणाबद्दल विचारा आणि काय उत्तर मिळतं ते खाली लिहा.