गळ टाकून बसणं नव्हे ते

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मासेमारी स्पर्धांवरचा लेख वाचला. ‘मासे पकडायला कसली आलीय स्कॉलरशिप?’ असा त्याचा सूर दिसतोय. अलाबामात नवीन आलो तेव्हा मीही असाच हसलो होतो. मग शेजारच्या पोराची स्पर्धा बघायला एकदा तळ्यावर गेलो. एका बोटीत कॉलेजचे दोघं, उजाडताच सुटायचं, दुपारी ठरल्या वेळेला परत. मोजणार फक्त पाच ‘बास’ (गोड्या पाण्यातला एक मासा). सहावा मोठा लागला की बोटीतल्या पाण्याच्या टाकीतला सगळ्यात हलका परत तळ्यात. आणि मासा मेला तर वजनातून दंड कापतात, त्यामुळे पोराचं निम्मं लक्ष टाकीतल्या पाण्याकडे! वजन झालं की मासे पुन्हा तळ्यात. (आमच्या मालवणी बायकोला हे अजून पचलेलं नाही.)

एनसीएएचा (अमेरिकी कॉलेजांचे खेळ चालवणारी संघटना) हा खेळ नाही, बहुतेक ठिकाणी नुसता क्लब. पण टेनेसीतलं बेथेल विद्यापीठ शिष्यवृत्ती देतं, आणि इथल्याच ऑबर्न विद्यापीठाच्या संघातून आलेल्या जॉर्डन लीने २०१७ आणि २०१८ असं सलग दोनदा बासमास्टर क्लासिक ही व्यावसायिकांची मोठी स्पर्धा जिंकली. मला खटकतं ते वेगळंच. बोट, ती ओढायला ट्रक, वर पेट्रोल. आमच्या शेजाऱ्याकडे तरी हे सगळं बापाच्या खिशातून. त्यावर लेखात एक ओळ नाही.