भिंती कुठल्या अंतराळात?

तंतुवाद्यं आणि सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं वाद्य) मिळून अंतराळाचा भास देणारं संगीत कसं करायचं, हा तुमचा लेख छान, पण त्यातलं ‘भरपूर रिव्हर्ब दिला की अंतराळ उभं राहतं’ हे काही पटलं नाही हो. रिव्हर्ब म्हणजे भिंतींवरून परतलेला आवाज. अंतराळात ना भिंती, ना हवा! जास्त झाला की ऐकणारा थेट चर्चमध्ये जाऊन बसतो.

खरी मारामारी खालच्या स्वरांत असते. चेलो आणि डबल बास ही व्हायोलिनची थोरली भावंडं; चेलोची सगळ्यात खालची तार साधारण 65 हर्ट्झची, डबल बासची 41 ची. तिथंच सिंथचा बास घुसवला की नुसता काला. एकाला गप्प बसवावंच लागतं. मी बहुतेक वेळा सिंथलाच बसवतो, कारण गजाची खरखर सिंथमध्ये येत नाही.

आम्ही बेळगावकर, म्हणजे हार्मोनियमवादक पंडित रामभाऊ विजापुरेंच्या गावचे, त्यामुळे पेटी हाताशी असतेच. खर्जाचा एक स्वर धरून रेकॉर्ड करा आणि निम्म्या वेगानं वाजवा. स्वर एक सप्तक खाली जातो, भात्याचा श्वास लांबतो आणि पट्टीची टकटक लांबून कुणी दार ठोठावल्यासारखी येते. त्यावर व्हायोलिनचा अगदी संथ उठाव द्या. महागडी सॅम्पल लायब्ररी (आधीच रेकॉर्ड केलेल्या वाद्यस्वरांचा संच) लागतच नाही.

आणि इंग्रज संगीतकार होल्स्टला विसरलात! त्याची ग्रहांवरची वाद्यवृंदरचना ‘द प्लॅनेट्स’ 1914 ते 1916 मधली, त्यात सिंथ कुठला? तरी तिच्यातल्या ‘नेपच्यून’ या भागाच्या शेवटी बायकांचा कोरस शेजारच्या खोलीत ठेवून दार हळूहळू लावून घ्यायला सांगितलंय. आवाज हळूहळू विरत नेणं, म्हणजे फेड-आउट, तो हाच की!

पुढच्या भागात मिक्सिंगवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्यावर, सविस्तर लिहा, लॅपटॉपच्या स्पीकरवर हा खर्ज ऐकूच येत नाही, त्याचं काय करायचं तेही सांगा.